कपबशी, घड्याळ आणि कायदा : सातारा-सांगलीच्या हॉटेल कामगारांच्या हक्काची हकिकत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत लेणी, संगीती, धम्मदीक्षा, बाबासाहेबांच्या सभा अशा विषयांवर लेख यावेत हे योग्यच आहे. ते येतातही. आम्ही मात्र यावेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. कारण साधे आहे. रविवारी सकाळी वंदनेला बसलेल्यांकडे नजर टाकली तर म्हातारी माणसे दिसतात, आयाबाया दिसतात, शाळेतली पोरं दिसतात. अठरा ते तीस वयाची तरणी मंडळी फारशी दिसत नाहीत. "कुठं गेली पोरं?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "हाटेलात हायेत, रविवारी सुट्टी मिळत न्हाय." कोणी महामार्गावरच्या ढाब्यावर, कोणी मिरजेत दवाखान्यांच्या आसपासच्या खानावळीत, कोणी महाबळेश्वर-पाचगणीला सिझनपुरता, कोणी स्टँडसमोर चहाच्या गाड्यावर.

या पोरांच्या कामाचे तास किती असावेत, त्यांना किमान किती पगार मिळावा, जादा राबले तर त्याचा मोबदला किती, हे सगळे कायद्यात लिहिलेले आहे. आज-काल नव्हे, ऐंशी वर्षांहून अधिक काळ लिहिलेले आहे. आणि त्या लिखाणात ज्यांचा मोठा हात आहे त्यांचा फोटो आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर आहे. तरीही हा इतिहास आपल्याच पोरांना ठाऊक नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

हॉटेलच्या दाराबाहेर

हॉटेलात काम करणाऱ्याच्या हक्काबद्दल बोलण्याआधी हॉटेलात शिरण्याच्या हक्काबद्दल बोलावे लागते. आपल्या भागात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत गावच्या चहाच्या हॉटेलात आपल्या माणसाला आत बाकावर बसता येत नसे. कप वेगळा, तो बाहेर कोनाड्यात ठेवलेला. चहा वरून ओतायचा, पिणाऱ्याने पिऊन कप स्वतःच विसळून परत ठेवायचा, आणि पैसे मात्र सगळ्यांइतकेच द्यायचे! जिथे गिऱ्हाईक म्हणून दार बंद, तिथे स्वयंपाकघरात आचारी म्हणून कोण उभे करणार? फार तर लाकडं फोडणे, उकिरडा काढणे, खरकटे उचलणे एवढेच काम वाट्याला.

सातारा जिल्ह्याला तर हा अनुभव बाबासाहेबांच्या बालपणापासून जोडलेला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला म्हणून ही भावंडे साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली. तिथून बैलगाडीने पुढे जाताना त्यांच्याजवळ खायला होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. शिदोरी आहे पण पाणी नाही! ज्यांना वाटेवर घोटभर पाणी मिळाले नाही त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्याच जिल्ह्यातल्या महामार्गावर येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे पाण्याचे ग्लास ठेवतात, हा बदल लहान नाही.

तो आपोआप झाला नाही. शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि लव्याजम्यासह तिथे थांबून स्वतः चहा घेतला, ही हकिकत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाण्याचा होता. पुढे संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने हॉटेलात मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो.

म्हणजे पुढच्या दाराचा प्रश्न कायद्याने सोडवला. पण हॉटेलला मागचेही दार असते. मोरीजवळचे, भट्टीजवळचे. त्या दाराचा कायदा वेगळा आहे आणि त्याची गोष्ट रविवारच्या सुट्टीपासून सुरू होते.

रविवार कोणी दिला?

आठवड्याची सुट्टी ही इंग्रजांनी दिलेली देणगी आहे असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले कटगुण हे महात्मा जोतीराव फुल्यांचे मूळ गाव. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत गिरणीत राबणाऱ्या मजुराला आठवड्यातून एक दिवस तरी स्वतःचा मिळावा म्हणून त्यांनी सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. अखेर १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागली.

पण ही सुट्टी गिरणीची. गिरणीला भोंगा असतो, दरवाजा असतो, हजेरीचा बिल्ला असतो. हॉटेलला यातले काहीच नाही. गिरणी सुटली की मजूर हॉटेलात चहा प्यायला येणार, म्हणजे गिरणीवाल्याची सुट्टी ती हॉटेलवाल्याची धामधूम. मुंबईत माण, खटाव, जत, आटपाडी अशा दुष्काळी मुलखातून गेलेली माणसे गिरणीत लागली. ज्यांना गिरणीत बदली मिळाली नाही त्यांची पोरं हॉटेलात लागली. कपबशा विसळायच्या, रात्री टेबलं जोडून त्यावरच झोपायचं, पहाटे दूधवाला आला की उठायचं. झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळतंय हाच मोठा पगार, असे मालकही मानत आणि पोरगाही मानी. त्यात कामाचे तास मोजायचे कोणी?

१९३९ चा कायदा आणि संस्थानची हद्द

हे तास मोजण्याचे काम कायद्याने प्रथम केले ते आपल्या मुंबई इलाख्यातच. मुंबई दुकाने व संस्था कायदा १९३९ साली झाला आणि १९४० साली अमलात आला. भारतात अशा स्वरूपाचा हा पहिलाच कायदा. कारखान्याबाहेरचा कामगारही कामगारच आहे, दुकानातला नोकर आणि हॉटेलातला पोऱ्या यांनाही पाठ टेकायला वेळ लागतो, हे यात पहिल्यांदा मान्य झाले. १९४२ साली मध्यवर्ती सरकारने आठवडी सुट्टीचा कायदा केला, तोही दुकाने, उपाहारगृहे आणि नाटक-सिनेमागृहे यांच्यासाठीच होता.

पण त्या काळचा आपला मुलूख कसा होता ते ध्यानात घेतले पाहिजे. सातारा इंग्रजी अमलाखाली. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने. इंग्रजी हद्दीतला कायदा संस्थानच्या हद्दीत चालत नसे. म्हणजे दोन गावांत चार कोसांचे अंतर, पण एका गावातल्या पोऱ्याच्या नावाने मुंबईच्या विधिमंडळात कायदा होऊ शकत होता आणि दुसऱ्या गावातला पोऱ्या राजाच्या मर्जीवर. १९४८ साली ही दक्षिणी संस्थाने विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली जिल्हा पडले. विलिनीकरणाने आपल्या भागातल्या कष्टकऱ्याला काय मिळाले असे कोणी विचारले, तर त्याचे एक उत्तर हेही आहे की सगळ्यांना एकच कायदा मिळाला.

बाबासाहेब मजूरमंत्री

बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून सगळे ओळखतात. मजुरांचे मंत्री म्हणून त्यांनी केलेले काम मात्र भाषणात एका वाक्यात उरकले जाते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कामगारांचा संप करण्याचा हक्क हिरावणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला, त्यात ते आघाडीवर होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते. त्या चार वर्षांत कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. नोकरीच्या अटी मालकाने लेखी जाहीर केल्या पाहिजेत असा स्थायी आदेशांचा कायदाही १९४६ चाच.

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख ११ एप्रिल १९४६. त्या दिवशी बाबासाहेबांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. पुढे स्वातंत्र्य आले, मजूर खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे गेले आणि १९४८ साली ते विधेयक किमान वेतन कायदा म्हणून मंजूर झाले.

या कायद्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. जिथे कामगारांची संघटना मजबूत असते तिथे ते भांडून पगार ठरवून घेतात. जिथे माणसं विखुरलेली, अडाणी, गरजू असतात तिथे मालक म्हणेल तोच भाव. अशा ठिकाणी सरकारने मध्ये पडून एक रेघ मारायची, याच्या खाली कोणालाही पगार द्यायचा नाही! कामगार स्वतः "मला कमी चालेल" म्हणाला तरी तो करार रद्द. कायद्याच्या पहिल्या यादीत बिडी, चामडे कमावणे, दगड फोडणे, रस्ते-इमारती, तेलगिरण्या, शेती अशी कामे होती. ही यादी वाचली की आपल्याच वस्तीची हजेरी वाचल्यासारखे वाटते. हॉटेलचा धंदा त्या पहिल्या यादीत नव्हता. यादीत भर घालण्याचा अधिकार राज्यांना होता, तो वापरून हॉटेल व उपाहारगृहांचे काम पुढे महाराष्ट्राच्या यादीत आले. गावाच्या आकारमानाप्रमाणे परिमंडळे, कामाप्रमाणे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग, आणि महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता, अशी त्याची रचना झाली.

चौदा तासांची फट

१९४८ सालीच मुंबई दुकाने व संस्था कायदा नव्याने झाला. त्यात हॉटेलांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, पाच तासांनंतर तासभर विसावा, आठवड्याला एक दिवस सुट्टी, जादा कामाला जादा दर. एवढेच नव्हे, तर हॉटेलच्या प्रत्येक कामगाराला मालकाने ओळखपत्र द्यायचे आणि त्यावर त्याचे कामाचे तास, विसाव्याची वेळ, सुट्टीचा वार लिहायचा. असे ओळखपत्र आम्ही आमच्या वस्तीत पुष्कळ जुन्या माणसांना विचारून पाहिले. "कसलं कार्ड?" हाच प्रश्न परत आला.

पण या कायद्यात एक फट होती आणि ती हॉटेल कामगाराला नडली. काम नऊ तास, पण ते चौदा तासांत पसरवायला मुभा होती. दुकानातल्या नोकराला इतका लांब पसारा नव्हता. हॉटेलात सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, रात्री पुन्हा जेवण अशी गिऱ्हाइकांची लाट असते, म्हणून ही सवलत. कागदावर ते ठीक दिसते. प्रत्यक्षात काय होई? सकाळी सहाला आलेला पोरगा रात्री आठला सुटे. मधले पाच तास "विसावा" म्हणून वहीत. त्या विसाव्यात तो कांदा चिरी, पातेली घाशी, फडकी धुई, मालकाच्या घरी डबा पोचवी. घर लांब, म्हणून जायची सोय नाही. हॉटेलातच आहेस तर हात चालव की! अशा रीतीने कायद्याने दिलेला विसावा कामात विरघळून गेला आणि जादा कामाचा हिशोबच उरला नाही.

याशिवाय आणखी चार कारणे होती. पहिले, किमान वेतनाचा कमी पडलेला फरक मागायचा तर अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा, उशीर झाल्यास सबळ कारण द्यायचे. नोकरीत असताना अर्ज करायची हिंमत नाही आणि नोकरी सुटल्यावर कोणी वाट दाखवेपर्यंत मुदत गेलेली. दुसरे, उचल. पोरीच्या लग्नाला, बापाच्या दवाखान्याला मालकाने पाच-दहा हजार दिले की फिटेपर्यंत बोलायची सोय नाही. खरे म्हणजे उचलीच्या बदल्यात किमान वेतनाहून कमी पगारावर राबवून घेणे हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीतच मोडते. पण उचल देणारा मालक उपकारकर्ता वाटतो, सावकार वाटत नाही. तिसरे, जेवणखाण. "दोन वेळा जेवतोस की" म्हणून पगार कापायचा. आणि चौथे, पुरावा. हजेरीपुस्तक मालकाकडे, पगारपत्रक मालकाकडे, सही कोऱ्या कागदावर.

बायांची कथा तर निराळीच. खानावळीत भाकरी बडवायला जाणाऱ्या आमच्या माताभगिनींना नगावर पैसे. चुलीपुढे पाच-सहा तास बसून जे मिळते ते दिवसाच्या किमान वेतनाला पुरे पडते की नाही हे कोणी पाहत नाही. नगावर काम असले तरी वेळेच्या हिशोबाने किमान वेतन मिळालेच पाहिजे अशी तरतूद त्या कायद्यात होती. आणि पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी, हा समान वेतनाचा कायदा १९७६ चा. भाकरी बडवणाऱ्या बाईला यातले एकही अक्षर कोणी वाचून दाखवले नाही.

लहान पोरांचेही तसेच. १९८६ साली बालकामगार कायदा झाला, पण हॉटेल आणि ढाबे त्या बंदीत आले ते १० ऑक्टोबर २००६ पासून. त्याआधी चौदा वर्षांखालचा "बारक्या" हा प्रत्येक हॉटेलचा ठरलेला सदस्य होता. त्याला नाव नसे, फक्त हाक असे.

न्यायालये काय म्हणाली

या काळात न्यायालयांनी काही मोलाचे निवाडे दिले. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. मजुराचे किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे. पैकी एक रुपया मुकादम आपल्या खिशात घाली. सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात सांगितले की, पोटाच्या गरजेपायी माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत काम करतो तेव्हा ते राजीखुशीचे काम नसते, ती संविधानाच्या कलम २३ खालची वेठबिगारी होय. आमच्या मते हा निवाडा प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहावा असा आहे. "तो स्वतःच्या मर्जीनं राबतोय, आम्ही कुठं बांधून ठेवलंय?" या मालकी युक्तिवादाला यापेक्षा चोख उत्तर नाही.

त्याच्याही आधी नागपूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचे प्रकरण १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. जादा कामाचा दुप्पट दर म्हणजे कशाच्या दुप्पट, किमान दराच्या की प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराच्या? न्यायालय म्हणाले, कामगाराला एरवी मिळणाऱ्या दराच्या दुप्पट. आणि २०२० सालच्या टाळेबंदीच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तास काम करून घेण्याची आणि जादा तासांना दुप्पट पैसे न देण्याची मुभा दिली, ती १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. संकटाचा बोजा सगळ्यात दुबळ्या खांद्यावर टाकता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्याच जिल्ह्याचा दाखला

कोणी म्हणेल, विखुरलेल्या माणसांना संघटित करता येत नाही. याला उत्तर सातारा जिल्ह्यानेच दिले आहे. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील मुंबईला गेले आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना त्यांनी एकत्र केले. हमालाला ना एक मालक, ना एक जागा, ना हजेरी. तरी १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळ आले, नोंदणी आली, मजुरी मंडळामार्फत येऊ लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. हमालाला जे जमले ते हॉटेल कामगाराला का जमले नाही? मुंबईत १९५० च्या दशकात जॉर्ज फर्नांडिस यांनी हॉटेल कामगारांच्या संघटना बांधल्या, पण तालुक्याच्या गावी ते लोण पोचले नाही. हमाल बाजारात एकमेकांना रोज भेटतो. हॉटेलचा पोरगा एका हॉटेलच्या चार भिंतींत. शेजारच्या हॉटेलातला पोरगा किती घेतो हेही त्याला ठाऊक नसते. महाबळेश्वरला तर सिझन संपला, पाऊस लागला की माणसे पांगली. पुढच्या वर्षी चेहरे नवे.

म्हणून आम्हाला वाटते की जिथे ही पांगलेली पोरं सणावाराला एकत्र येतात अशी जागा म्हणजे विहार. त्या जागेचा उपयोग झाला पाहिजे.

आजचा कायदा आणि साधा हिशोब

आता आजची स्थिती. दुकानांचा १९४८ चा कायदा जाऊन महाराष्ट्राचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून आला. चौदा तासांचा पसारा गेला, तो साडेदहा तासांवर आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट दर. जादा काम तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंतच. मात्र हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्यांनाच पुरता लागू झाला. छोटी हॉटेले बहुतेक सुटली. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर, तिमाहीची १४४ तासांवर आणि कामगारसंख्येची अट वीसवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे सुटणाऱ्या हॉटेलांत भरच. कायद्याचा काटा कोणत्या बाजूला सरकतो आहे हे यावरून दिसते.

दुसरीकडे, १९४८ चा किमान वेतन कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली. तिच्यात कामगाराच्या उपयोगाच्या काही गोष्टी आहेत. किमान वेतनाला आता धंद्यांच्या यादीची अट नाही, ते सर्वांना आहे. हॉटेलात दोन माणसे असोत की वीस, सुटका नाही. ठरलेल्या तासांपुढे काम केले तर दर दुपटीपेक्षा कमी नाही. मागणी करण्याची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन वर्षे झाली. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सुटली तर दोन कामाच्या दिवसांत. थकबाकीशिवाय तिच्या दहापट भरपाई देण्याचाही अधिकार संबंधित अधिकाऱ्याला आहे.

आता एक हिशोब करू. खालचे आकडे सरकारी दर नव्हेत, समजण्यासाठी घेतले आहेत. महिन्याचा पगार १०,४०० रुपये, कामाचे दिवस २६. दिवसाचे झाले ४०० रुपये. आठवड्याला ४८ तास म्हणजे दिवसाला आठ. तासाचे झाले ५० रुपये. आमचा पोरगा राबतो बारा तास, म्हणजे चार तास जादा. दुप्पट दराने तासाला १००, दिवसाला ४००, महिन्याला १०,४०० रुपये! जेवढा पगार तेवढाच जादा कामाचा मोबदला. म्हणजे जो रोज बारा तास उभा राहतो आणि नुसता पगार घेऊन घरी येतो, त्याची निम्मी कमाई गल्ल्यातच राहते. पगार कितीही असो, आठाच्या जागी बारा तास झाले की हिशोब हाच येतो. एका माणसाचा महिना आणि दोन माणसांचे काम, असे हे गणित आहे. तिमाहीची मर्यादा ओलांडली म्हणून कामगाराचे पैसे बुडत नाहीत. तो दोष काम करून घेणाऱ्याचा.

मग करायचे काय? आमच्या अनुभवाने चार गोष्टी सांगतो. एक, साधी वही ठेवा. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सुट्टी मिळाली की नाही, हातात आलेले पैसे, घेतलेली उचल. रोजची ओळ रोज लिहा. दोन, कोऱ्या कागदावर सही करू नका, पगाराची चिठ्ठी मागा. तीन, टिपला पगार समजू नका. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेले पैसे वेगळे, मालकाने द्यायचा पगार वेगळा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हॉटेल कामगारांसाठी १९९१ साली जो करार केला त्यातही टिप मिळो न मिळो, मूळ पगार नियमित मिळालाच पाहिजे असे म्हटले आहे. चार, एकट्याने जाऊ नका. साताऱ्यात सरकारी कामगार अधिकाऱ्याचे आणि सांगलीत सहायक कामगार आयुक्ताचे कार्यालय आहे. चालू दर तिथे विचारा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. दोघे-तिघे मिळून गेलात तर दबाव एकट्यावर येत नाही.

मालकांनाही दोन शब्द. सगळे मालक वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. आता आपल्यातलेही कित्येक जण खानावळ, ढाबा, चहाचा गाडा चालवतात. गॅस, भाडे, तेल यांचे भाव आम्हालाही ठाऊक आहेत. पण ज्या हातांनी धंदा चालतो त्यांचा हिशोब शेवटी ठेवायचा हा न्याय नव्हे. तथागतांनी सिगालाला उपदेश करताना मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. नोकराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून घ्यावे, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच गोष्टी आणि आजची कामगारकायद्याची कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहा. कामाचे तास, किमान वेतन, आजारपण, सुट्टी, सारे त्यात आहे. त्यात "अन्न आणि वेतन" असे म्हटले आहे हेही ध्यानात ठेवा. अन्न दिले म्हणून वेतन कापा, असे म्हटलेले नाही.

पुढच्या दारासाठी आपल्या आजोबांनी लढा दिला म्हणून आज कोणत्याही हॉटेलात आपण बाकावर बसून चहा पितो. मागच्या दाराचे काम अजून उरले आहे. विहारात महिन्यातून एका संध्याकाळी, हॉटेले रिकामी असतात त्या वेळी, कोणीतरी जाणकाराने बसावे, पोरांच्या वह्या पाहाव्यात, हिशोब करून द्यावा, अर्ज लिहून द्यावा, एवढी सूचना आम्ही विश्वस्त मंडळापुढे या लेखाद्वारे ठेवत आहोत. वही आणि पेनाला खर्च फारसा येत नाही. सुरुवात पुढच्या महिन्यापासून करता येईल.